डोळ्याच्या पुढच्या भागाचे फोटो घेताना

थेंब घालण्याआधी मशीन, एवढं पहिल्या दिवसापासून पक्कं कर. बाहुली मोठी केलीस की पुढचा पारदर्शक पडदा आणि आयरिस (बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा) यांच्यामधला कोन मुळात किती अरुंद होता ते कळत नाही. कोनाचं ओसीटी (प्रकाशकिरणांनी घेतलेला आडवा छेद) अंधारात घे. उजेडात बाहुली आकसते आणि अरुंद कोनही मोकळा वाटतो. आयरिसच्या मागचं मात्र त्यात दिसत नाही, तिथे यूबीएमच (डोळ्याची बारकाईची सोनोग्राफी) लागतं.

ऊसतोडीच्या दिवसांत निपाणी, चिकोडीकडून पात लागलेले डोळे येतील. बुरशीची शंका धरूनच बघ. आधी पसरट उजेडात फोटो, मग ४५ अंशांवर बारीक स्लिट (उजेडाची अरुंद फट), शेवटी फ्लुरेसिन (जखम उठून दाखवणारा रंग) घालून निळ्या उजेडात. पिसासारखी कड, बाजूचे बारीक ठिपके स्लिटमध्ये नीट सापडतात. मॅग्निफिकेशन दरवेळी तेच ठेव, नाहीतर जखम भरतेय की पसरतेय हे डॉक्टरांना कसं कळणार? अशा डोळ्याला यूबीएमचा प्रोब लावू नकोस.

पेशंटशी बोलत राहा. कानडी येत नसेल तरी 'मुंद नोड्री' (समोर बघा) एवढं शिकच. घाबरलेल्या आजी तेवढ्यानं सरळ बघतात. पापणी धरावीच लागली तर हाडावर टेकवून धर, डोळ्यावर दाब आला की टोपोग्राफीचं (डोळ्याच्या पुढच्या पडद्याच्या आकाराच्या नकाशाचं) रीडिंग बिघडतं.