मुंबईच्या गॅलरीतला अ‍ॅक्वापोनिक्स संच मनालीत चालेल का?

अ‍ॅक्वापोनिक्स म्हणजे माशांच्या टाकीतले पाणी रोपांच्या वाफ्यातून फिरवून मासे व भाज्या एकत्र वाढवणे. असा संच तिथे चालेल, पण त्यातली तिलापिया ही मासळी चालणार नाही. तेव्हा बदलीनंतर २०० लिटरचा संच मनालीला न्यायचा असेल, तर आधी मासा बदलावा. पाणी १० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरले की तिलापिया मरू लागते, तर कॉमन कार्प खाणे कमी करून थंडीत तग धरतो. ट्राउट थंड पाण्याचा खरा, परंतु त्याला भरपूर प्राणवायू आणि अतिशय स्वच्छ पाणी लागत असल्याने तो नवशिक्याने घेऊ नये. खरी अडचण मात्र जिवाणूंची आहे : माशांनी पाण्यात सोडलेल्या विषारी अमोनियाचे रोपांना पोषक नायट्रेट करणारे जिवाणू थंडीत फार मंदावतात, म्हणून नवा संच उन्हाळ्यातच सुरू करावा आणि पाणी गारठताच खाद्य कमी करावे. माझ्या दादरच्या गॅलरीत जानेवारीच्या पहाटेसुद्धा मासे नेहमीपेक्षा उशिरा वर येतात आणि दाणे पृष्ठभागावर तसेच तरंगत राहतात. मनालीत तर हे महिनोन्‌महिने होईल. हीटरचा खर्च मोजायचा झाल्यास २०० लिटर पाणी १० अंशांनी तापवायला सुमारे २.३ युनिट वीज लागते. मात्र ही एकदाच तापवण्याची वीज झाली. रोज निसटणारी उष्णता यात धरलेली नाही, आणि ती सर्वाधिक निसटते उघड्या पृष्ठभागातून व रोपांच्या खडीच्या वाफ्यातून. म्हणून टाकी घरातच ठेवून तिला थर्माकोल व झाकण लावावे आणि पालक, लेट्यूस यांसारख्या थंडी सोसणाऱ्या भाज्या घ्याव्यात.