गजरा काढून या

प्रश्न : आमची तासगावकडे तीन एकर थॉम्पसन द्राक्षाची बाग आहे, बेदाणा करतो. मुलगा नाशिकला नोकरीला. तो म्हणतो, जानेवारीत तुम्हाला एका कुटुंबाच्या घरच्या वायनरीत नेतो, तिथं वाइन चाखायची खोली असते. आमचे हे माळकरी. मीही आयुष्यात थेंब घेतलेला नाही. तिथं जाऊन आम्ही करायचं काय? अवघडल्यासारखं नाही ना होणार?
– एक बागाईतदारीण, तासगाव

उत्तर : ताई, खुशाल जा. दिंडोरीकडच्या एका छोट्या वायनरीत मी नऊ वर्षं टेस्टिंगच्या टेबलामागे उभी होते. शनिवार-रविवारी फोटो काढणारे ढीगभर यायचे. द्राक्ष कळणारं माणूस आलं की मात्र मालक स्वतः बाहेर यायचे.

एकदा निफाडचे एक आजोबा आले, नातजावयाबरोबर. टोपी, धोतर, गळ्यात माळ. खोलीत पाऊलच टाकेनात. मालक म्हणाले, ‘चला बाबा, बागेत जाऊ.’ आजोबांनी शिराझ या काळ्या वाइन-द्राक्षाचा एक मणी तोडला, तळहातावर चुरडला, रस बोटानं बाजूला केला. रस जवळजवळ पांढराच. मग साल दाबली, तर बोट जांभळं. ‘रंग सगळा सालीतच आहे की,’ म्हणाले. रेड वाइन रेड का होते, हे मी लोकांना रोज दहा मिनिटं समजावायचे. त्यांना एका मण्यात कळलं. जाता जाता पान उलटून भुरी रोग दाखवला तो वेगळाच.

तेव्हा तुम्हीही आधी बाग बघा. मणी बारीक, साल जाड, आत बी. तुमच्याकडे हा माल कुणी उचलणार नाही. इथं मणी फुगवायला जीए (जिबरेलिक ॲसिड) देत नाहीत, कारण मणी लहान तेवढी रसाच्या मानानं साल जास्त, आणि रंग, तुरटपणा सगळा सालीचा. एकरी चार-पाच टनांवर माल धरत नाहीत, हे ऐकून तुमचे हे हसतील. गोडी मात्र बेदाण्यासारखीच लागते, २२-२४ ब्रिक्स, म्हणजे रसात साधारण तेवढे टक्के साखर. छाटण्याही त्याच, एप्रिलची खरड छाटणी आणि पुढं पावसाळा सरता फळासाठीची गोडी छाटणी. म्हणून तर युरोपात सप्टेंबरात होणारी तोडणी आपल्याकडे जानेवारी ते मार्चमध्ये येते. पहाटेच्या थंडीतच तोडतात, म्हणजे रस तापत नाही.

मग सेलर, म्हणजे वाइन करायची-मुरवायची जागा, दाखवा म्हणा. तोडणीच्या दिवसांत रेडच्या टाकीत रस सालींसकट आंबत असतो. गॅसनं साली वर येऊन जाड थर धरतात, तो दिवसातून दोन-तीनदा खाली दाबावा लागतो. लोणच्याच्या फोडी वर आल्या की आपण बरणी हलवतो ना, तसंच. त्या टाकीत वाकून मात्र बघू नका. तो कार्बन डायऑक्साइड असतो, चक्कर येऊन माणूस आत पडतो. व्हाइटचा रस आधीच पिळून सालीवेगळा करतात. ती टाकी थंडगार असते, बाहेरून घाम फुटलेली.

ह्यांना आग्रह कुणी करणार नाही. ते बागेत रमतील. तुम्हाला वाटलं तर नुसता वास घ्या. सोविन्याँ ब्लाँ या व्हाइटला ढोबळी मिरचीचा वास येतो, शिराझला काळ्या मिरीचा. हे माझ्या बोलण्यावर घेऊ नका, नाक लावून बघा. व्हाइटपासून सुरुवात करतात, मग रेड, गोड वाइन शेवटी.

आता गजऱ्याचं. कामाच्या दुसऱ्याच दिवशी मी मोगरा माळून गेले होते. मालकांच्या आईंनी दारातच थांबवलं. ‘पोरी, आज सगळ्यांना मोगऱ्याचीच वाइन पाजणार का?’ गजरा काढून त्यांनी ऑफिसातल्या गणपतीला घातला. तेव्हा अत्तर, वासाचं तेल, तोंडात बडीशेप, सगळं घरी ठेवून या.

आणि मुलाला सांगा, २६ जानेवारीची सुट्टी धरून बेत करू नको. त्या दिवशी ड्राय डे, बाटली उघडत नाहीत. दरवर्षी चार-पाच गाड्या मुंबईहून येऊन फाटकातून परत जायच्या. मधला वार बघा आणि आधी फोन करा. २००५ मध्ये सुला या नाशिकच्या वाइन कंपनीनं टेस्टिंग रूम उघडली, त्यानंतर नाशिकला रविवारची रीघच लागली. घरच्या वायनरीत पहाटे तोडणीवर उभा असतो तोच माणूस दुपारी पेला भरतो. गर्दीत त्याला बोलायला सवड कुठून मिळणार?

प्रश्न : वाइन चाखून थुंकतात म्हणे. असं चारचौघांत थुंकणं बरं दिसतं का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : टेबलावर पिकदाणी असते ती त्यासाठीच. एका वेळी साधारण ३० मिली ओततात. पाच-सहा प्रकार म्हणजे १५०-१८० मिली, चांगला भरलेला ग्लास झाला. गाडी चालवणाऱ्यानं तर थुंकावंच, खरं म्हणजे घेऊच नये. रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमवर गेलं की गुन्हा. थुंकायचा संकोच वाटत असेल तर उरलेली त्यात ओता, कुणाला राग येत नाही. आमच्याकडे एका साहेबांनी ती पिकदाणी पाण्याचा जग समजून उचलली होती. मी टेबलावरून झेपच घेतली.

प्रश्न : चाखून झाल्यावर बाटली घ्यावीच लागते का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. टेस्टिंगचे पैसे दिलेले असतात. पण मालकानं तासभर बाग फिरवली असेल तर आवडलेली एखादी घ्या, महागातलीच हवी असं नाही. घेतलीत तर डिकीत ठेवून त्र्यंबकेश्वरला जाऊ नका. मार्चच्या उन्हात पार्किंगमधली डिकी भट्टी होते, बूच वर सरकतं आणि घरी जाऊन उघडाल तेव्हा शिजलेल्या फळासारखी चव. दर्शन आधी उरका, वायनरी नंतर, आणि बाटली पुढच्या सीटखाली, ओल्या पंचात गुंडाळून.