इंग्रजीच्या तासाला मराठी किती आणि कुठे?

तुमचा प्रश्न असा: मराठी माध्यमाच्या सहावीला इंग्रजी शिकवताना मराठी बोलू नका असं सांगतात, पण निव्वळ इंग्रजीत मुलं गप्प बसतात. मग काय करायचं?

मराठी जरूर वापरा. फक्त ती कुठे येणार हे आधी ठरवा.

एक ओळ वाचायची आणि लगेच तिचा मराठी अर्थ सांगायचा, ही सवय मोडाच. चार दिवसांत मुलांना कळतं की मराठी येणारच आहे. मग इंग्रजीकडे कानच जात नाही. याहून फसवं म्हणजे 'फॉक्स हंग्री होता म्हणून तो फॉरेस्टमध्ये गेला'. यात इंग्रजी नुसत्या शब्दांपुरतं, वाक्याचा सांगाडा मराठीच. 'वॉज', 'सो', 'इन्टू' कानावर पडतच नाहीत आणि लिहिताना मुलं नेमकी तिथेच अडतात.

अडलेल्या शब्दापुरती मराठी आणा. 'द फार्मर वॉज रिलक्टंट टु सेल हिज बुलॉक्स' हे पूर्ण वाक्य म्हणा, हळू आवाजात 'मन होत नव्हतं' एवढंच सांगा आणि लगेच तेच इंग्रजी वाक्य पुन्हा म्हणा. कानात शेवटी इंग्रजीच उरलं पाहिजे. भाषाशिक्षणाचे अभ्यासक सी. जे. डॉडसन यांनी १९६७ साली वेल्समध्ये मांडलेल्या द्विभाषिक पद्धतीत हाच क्रम आहे.

व्याकरणाला मात्र मराठीत कंजुषी नको. 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स' ही चूक थेट 'दोन वर्षांपासून राहतोय' मधून येते. सोमवारपासून आणि दोन वर्षांपासून, दोन्हीकडे आपलं 'पासून' एकच. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण असेल तर 'सिन्स', कालावधी असेल तर 'फॉर'. शिवाय आपला 'राहतोय'सारखा चालू वर्तमानकाळ तिथे चालत नाही, 'हॅव बीन लिव्हिंग' लागतं. हे मराठीत तीन मिनिटांत समजतं. फळ्यावर दोन रकाने आखा, मग दहा वाक्यं मुलांकडून इंग्रजीतच वदवून घ्या.

'ओपन युवर बुक्स'सारख्या सूचनांचं भाषांतर कधीच नको, हातवारे पुरतात. मूल मराठीत बोललं तर रागावू नका. 'पाणी पिऊन येऊ?' याला 'मे आय गो अँड ड्रिंक सम वॉटर?' असं म्हणून दाखवा, त्याला म्हणू द्या आणि सोडा.

मेळघाटात किंवा नंदुरबारच्या पाड्यांवर शिकवत असाल तर मराठीसुद्धा मुलांची घरची भाषा नसते. तिथे अर्थ सांगण्याआधी कोरकूत किंवा भिलीत काय म्हणतात ते मुलांनाच विचारा आणि तो शब्द फळ्यावर देवनागरीत लिहा.