कुराण हा हिंसेचा आणि बायबल हा क्षमेचा ग्रंथ आहे, असे म्हणणे कितपत योग्य आहे?

आपण प्रश्नात कुराणातील ‘अनेकेश्वरवादी जेथे सापडतील तेथे त्यांना ठार करा’ (९:५, म्हणजे अध्याय ९, वचन ५) ही आयत आणि एका गालावर मारणाऱ्यापुढे दुसरा गाल करण्याचा येशूचा उपदेश शेजारी शेजारी ठेवले आहेत. अशा निवडीतच निकाल ठरून जातो. अमालेकी लोकांना स्त्रिया, तान्ही बाळे आणि गुरेढोरे यांसकट मारून टाकण्याची आज्ञा इस्राएलच्या शौल राजाला मिळते तो बायबलमधील १ शमुवेल या पुस्तकाचा पंधरावा अध्याय, आणि ‘माझ्या दयेने सर्व काही व्यापले आहे’ ही कुराणातील आयत (७:१५६) एवढेच कोणी समोर ठेवले, तर अगदी उलट निकालही तितक्याच सहजपणे लागेल. त्यापेक्षा एकाच प्रश्नावर दोन्ही ग्रंथ काय सांगतात ते पाहावे, असे मला वाटते.

‘डोळ्याबद्दल डोळा, दाताबद्दल दात’ हा नियम जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपूर्वीच्या भागात, निर्गम या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात आहे. नव्या करारातील मत्तय या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात येशू त्याचाच उल्लेख करतो आणि दुष्टाला अडवू नका, शत्रूवर प्रीती करा, असे सांगून अनुयायांना त्याच्या पलीकडे नेतो. कुराणही (५:४५) हा नियम तौरातमधला (मोशेला दिलेल्या ग्रंथातला) म्हणूनच उद्धृत करते; मात्र तो कायम ठेवून पुढे सांगते की, जो आपला हक्क दान म्हणून सोडून देईल, त्याच्यासाठी ते पापक्षालन ठरेल. खुनाविषयीची आयत (२:१७८) तर मला फार हृदयस्पर्शी वाटते. मृताच्या वारसाला बदला घेण्याचा अधिकार देतानाच ती त्या वारसाला खुन्याचा ‘भाऊ’ म्हणते, आणि माफी देऊन भरपाई स्वीकारण्याच्या सवलतीला ईश्वराची दया मानते.

म्हणजे कुराणात दया कायद्याच्या आत, पीडिताच्या हाती दिलेली आहे, तर शुभवर्तमानात, म्हणजे येशूचे जीवन आणि उपदेश सांगणाऱ्या मत्तयसारख्या पुस्तकांत, ती कायदा ओलांडून जाते. याचे एक कारण इतिहासात आहे. येशूचे श्रोते रोमन अंमलाखाली होते; न्यायालय आणि सैन्य चालवण्याची जबाबदारी त्यांच्यावर नव्हती. इ. स. ६२२ मध्ये मुहंमद पैगंबर मदिनेला गेल्यानंतर तेथील मुस्लिम समाजावर ती आली. ख्रिस्ती धर्म ३८० मध्ये रोमन साम्राज्याचा राजधर्म झाला, तेव्हा त्यालाही हाच पेच पडला आणि ख्रिस्ती विचारवंत संत ऑगस्टीनला न्याय्य युद्धाचा विचार मांडावा लागला.

पीडिताच्या हाती दिलेली ही दया प्रत्यक्षात कशी दिसते, याचे उदाहरण इराणमधले आहे. लग्नाला नकार दिल्याबद्दल २००४ मध्ये ॲसिड फेकून जिला आंधळे केले गेले, त्या तरुणीला न्यायालयाने हल्लेखोराचे डोळे घालवण्याचा हक्क दिला होता. २०११ मध्ये शिक्षेची तयारी झालेली असताना तिने त्याला माफ केले. त्या कायद्यातली क्रूरता आणि ती माफी या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीच्या आधाराने दुसरी झाकणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

आता आपण दिलेल्या आयतीकडे येऊ. तिच्या आधीची आयत करार पाळणाऱ्या अनेकेश्वरवाद्यांना वगळते, आणि नंतरची (९:६) सांगते की, त्यांच्यापैकी कोणी आश्रय मागितला, तर त्याला ईश्वराची वाणी ऐकू द्या आणि मग त्याच्या सुरक्षित ठिकाणी पोहोचवा. याने पाचवी आयत सौम्य होत नाही. पण सरसकट कत्तलीची आज्ञा म्हणून ती वाचता येत नाही. उलट ‘एकाला ठार करणे म्हणजे साऱ्या मानवजातीला ठार करणे’ ही लोकप्रिय आयत (५:३२) सांगणारे बहुधा पुढच्याच आयतीतील सुळी देण्याची आणि हातपाय तोडण्याची शिक्षा गाळतात. आणि तिच्याही पुढची, पकडले जाण्यापूर्वी पश्चात्ताप करणाऱ्यांना सूट देणारी आयत (५:३४) दोन्ही बाजूंचे लोक गाळतात. शुभवर्तमानाचेही तसेच आहे. सत्तर वेळा सात क्षमा करा, असे सांगणारा येशू त्याच अध्यायात (मत्तय १८) एक दाखला देतो. त्यात स्वतःचे प्रचंड कर्ज माफ झालेला चाकर शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो, आणि धनी त्याला छळ करणाऱ्यांच्या हवाली करतो. क्षमा न करणाऱ्यांचे स्वर्गीय पिताही असेच करील, असे येशू तेथे स्पष्ट शब्दांत बजावतो.