नोकरी चालू असताना नव्या कंपनीने सध्याच्या साहेबांचा नंबर रेफरन्स म्हणून मागितला तर द्यावा का?

अजिबात देऊ नका. ऑफर लेटर हातात पडून तुम्ही राजीनामा देईपर्यंत सध्याच्या कंपनीतल्या कोणाचाच नंबर द्यायचा नाही. 'सध्याच्या कंपनीला विचारलं तर चालेल का' असा रकाना बहुतेक फॉर्मवर असतो, तिथे सरळ 'नाही' लिहा. त्यावरून तुम्हाला नाकारणारी कंपनी मुळात जाण्यासारखी नाही.

मी रत्नागिरी जिल्ह्यात लोट्याला एका केमिकल कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या लॅबमध्ये होते. पुण्या-मुंबईचं मला माहीत नाही, पण लोटे एमआयडीसीत एचआरवाले एकमेकांना ओळखतात, प्लांटवाले मॉक ड्रिलला भेटतात आणि उरलेले खेड-चिपळूणच्या लग्नांत. कशेडी घाटापलीकडे महाडच्या एका कंपनीत मी इंटरव्ह्यू दिला. फॉर्मवर 'नाही' लिहिलं, तोंडीही बजावलं. तरी तिथल्या माणसाने आमच्या मॅनेजरना 'सहज' फोन लावला. दुसऱ्या दिवशी शिफ्ट बदलताना मी एचपीएलसीला (नमुन्यात कोणता घटक किती ते मोजणारं मशीन) सॅम्पल लावत होते, तेव्हा साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "काय मॅडम, कशेडीपलीकडे जायचं ठरलं वाटतं?" त्या वर्षीचं इन्क्रिमेंट अडलं आणि महाडचंही बारगळलं.

ही नोकरी मामांच्या ओळखीने लागली होती. ते उलट मलाच बोलले, "साहेबांना आधी विश्वासात घेतलं असतंस तर ही वेळ आली नसती." तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. ज्याने विचारू नको सांगितल्यावर विचारलं, चूक त्याची. साहेबांना आधी सांगून विश्वासात घेणाऱ्या माणसाचं पुढचं प्रमोशन कसं मागे पडतं, हे मी आमच्याच लॅबमध्ये बघितलं होतं.

मग नंबर द्यायचा कोणाचा? ज्याच्या हाताखाली आधी काम केलंय आणि ज्याने तुमचं काम डोळ्यांनी बघितलंय, त्याचा. माझे पहिले सर तेव्हा निवृत्त होऊन गुहागरजवळ नारळी-पोफळी बघत होते. त्यांना आधी विचारलं, कुठल्या कामासाठी फोन येईल ते सांगितलं. वाडीत रेंज नसते, म्हणून ठरल्या वेळी ते वर डांबरी रस्त्यावर येऊन थांबले. त्यांनी नव्या लोकांना एकच गोष्ट सांगितली. "एका बॅचचा अ‍ॅसे (मालातल्या मुख्य घटकाचं प्रमाण) कमी आला होता, ट्रक गेटवर उभा, प्रोडक्शनवाले 'सॅम्पल परत मशीनला इंजेक्ट कर, येईल' म्हणून डोक्यावर बसलेले. तरी हिने रिपोर्टवर सही केली नाही, ओओएसचा (निकाल ठरलेल्या मर्यादेबाहेर आल्याचा) फॉर्म भरला आणि मला फोन केला." सरांच्या या बोलण्यावर मला नोकरी मिळाली. 'मुलगी मेहनती आहे' असं तर कोणीही सांगतं.

सध्या तुम्ही तिथे आहात याचा पुरावा मागतील तर पगाराच्या स्लिपा, अपॉइंटमेंट लेटर, फॉर्म 16 आणि पीएफचं पासबुक पुरतं. यूएएन, म्हणजे पीएफचा तुमचा कायमचा नंबर, नोकरी बदलली तरी तोच राहतो आणि जुन्या नोकऱ्यांच्या तारखा त्यात दिसतात, तेव्हा बायोडेटात तारखा ओढूनताणून जुळवू नका. 22 जुलै 2021 च्या चिपळूणच्या पुरात माझी जुनी रिलीव्हिंग लेटरं गेली, तेव्हा पीएफची ही नोंदच उपयोगी पडली.

राजीनामा दिला त्या दिवशी मात्र साहेबांना केबिनमध्ये जाऊन मी स्वतः सांगितलं, बाहेरून कळू दिलं नाही. नोटीस पिरियड पुरा केला, नव्या मुलीला एचपीएलसीचा कॉलम धुण्यापासून सगळं शिकवून निघाले. मामा याला खाल्ल्या मिठाला न जागणं म्हणतात. मी महिन्याभराच्या कामाचा पगार घेत होते, त्यात मीठ कुठे आलं?

आणि हो, तुम्ही सरकारी नोकरीत किंवा सरकारी कंपनीत असाल तर हे सगळं जसंच्या तसं लागू नाही. तिथे दुसरीकडे अर्ज करायला बहुतेक वेळा ना हरकत प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे साहेबांना कळणारच. खासगीतही अपॉइंटमेंट लेटरवर बाँड आणि नोटीस पिरियड काय लिहिलाय, ते फॉर्म भरण्याआधी एकदा वाचा.