लग्न न केलेल्या गे-लेस्बियन लोकांचं म्हातारपणी कोण करतं?

तुम्ही लिहिलंय की वय ३४ आहे, गे आहात, आई रोज म्हणते लग्न कर नाहीतर म्हातारपणी तोंडात पाणी कोण घालणार, आणि तिला काय सांगायचं ते तुम्हाला सुचत नाहीये. मी ६४ वर्षांची आहे, लेस्बियन आहे, बँकेतून रिटायर झालेय. माझी जोडीदार ७१ ची, शाळेत शिक्षिका होती, आम्ही २६ वर्षं पुण्यात एका घरात राहतोय. सोसायटीत अर्ध्या लोकांना आम्ही बहिणी वाटतो आणि आम्हीही बरीच वर्षं ते तसंच चालू दिलं.

करणारं माणूस मिळतं, ते आधी सांगते. मला मिळालंय. त्रास वेगळ्याच ठिकाणी होतो, जे माणूस करतं त्याचं नाव कुठल्याच कागदावर नसतं.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात ती बाथरूममध्ये घसरली, खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलचं नाव घेत नाही. ऑपरेशनच्या फॉर्मवर 'रुग्णाशी नातं' असा एवढासा चौकोन होता, मी त्यात 'मैत्रीण' लिहिलं आणि सही केली. काउंटरवरची मुलगी म्हणाली काकू, रक्ताचं कोणी नाही का? ही स्ट्रेचरवर पूर्ण शुद्धीत, वेदनेने ओठ चावत सांगतेय की हिचीच सही घ्या, माझं सगळं हीच बघते, तरी नाही. शेवटी तिचा भाचा नाशिकहून निघाला, तो येईपर्यंत पाच तास गेले. शुद्धीत असलेल्या सज्ञान माणसाची स्वतःची संमती पुरते हे मला नंतर कळलं, त्या दिवशी माहीत असतं तर मी भांडले असते. ऑपरेशनआधी सिस्टरने तिच्या बांगड्या आणि चेन काढली आणि माझ्यासमोरून जाऊन भाच्याच्या हातात दिली, म्हणाली नातेवाइकांकडेच द्यावं लागतं. पोराने ते खिशात टाकलं, लिफ्टपाशी आल्यावर हळूच माझ्या पर्समध्ये ठेवलं आणि म्हणाला, "मावशी, आत्याचं तुमच्याकडेच असू दे." पोरगं चांगलं म्हणून निभावलं, पण सगळं असं कोणाच्या चांगुलपणावर सोडायचं का, हा प्रश्न त्या रात्रीपासून माझ्या डोक्यातून गेला नाही.

कारण चांगुलपणा नसला तर काय होतं तेही जवळून बघितलंय. आमच्या ओळखीचा एक जण, त्याचा जोडीदार गेला, घर जोडीदाराच्या नावावर, मृत्युपत्र नाही. वैकुंठ स्मशानभूमीत हा मागे उभा होता, 'ऑफिसमधला मित्र' म्हणून. दहाव्याचं कोणी कळवलंसुद्धा नाही. महिन्याभरात भावाने कुलूप बदललं. कायद्याने भाऊ चुकत नव्हता हे ऐकायला फार जड जातं पण खरं आहे, हिंदू वारसा कायद्यात मृत्युपत्र नसेल तर लग्न न झालेल्या पुरुषाचं आधी आईला जातं, ती नसेल तर वडील, मग भाऊ-बहीण, जोडीदार हा शब्दच त्यात नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून आपली सुटका झाली, आपण गुन्हेगार राहिलो नाही, पण १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाने लग्नाचा हक्क दिला नाही, त्यामुळे नातं आहे पण कागद नाही अशा अवस्थेत आपली पिढी म्हातारी होतेय.

मग आम्ही कागद करायला बसलो. दोघींनी मृत्युपत्रं केली. त्याला स्टॅम्प पेपर लागत नाही, साधा कागद चालतो, दोन साक्षीदार लागतात, ज्याला द्यायचंय त्याला साक्षीदार करू नका. रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण आम्ही केलं, डॉक्टरचं सर्टिफिकेटही जोडलं. आणि ३५ वर्षं बँकेत काढलेल्या बाईचं ऐका, नॉमिनी केलं म्हणजे काम झालं असं समजू नका! नॉमिनीच्या हातात बँक पैसे देते, पण वारस दुसरा निघाला तर तो मागू शकतो. खातं जॉइंट करा, आयदर ऑर सर्व्हायव्हर, म्हणजे दोघांपैकी कोणीही चालवू शकतं आणि एक गेलं तरी मागे राहिलेल्याला पैसे काढता येतात. पूर्वी काउंटरवर नातं काय म्हणून उगाच अडवायचे, २८ ऑगस्ट २०२४ ला अर्थ मंत्रालयाने खुलासा केलाय की एलजीबीटी लोकांना जॉइंट खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला काही आडकाठी नाही, त्याची प्रिंट जवळ ठेवा. मी एकदा फंडाचे पैसे तिच्या नावावर टाकायला निघाले होते, सीएने थांबवलं, नवरा-बायकोला गिफ्टवर टॅक्स नाही पण आम्ही एकमेकींच्या 'नातेवाईक' नाही म्हणून वर्षाला ५०,००० च्या वर गेलं की सगळी रक्कम तिचं उत्पन्न धरतात. मृत्युपत्राने मिळालं तर तो टॅक्स नाही.

लिव्हिंग विलही केलं, म्हणजे बरं होण्याची आशा नसताना कुठले उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवायचं. २०२३ पासून ते सोपं झालंय, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर, आपण बोलू शकलो नाही तर निर्णय कोणी घ्यायचा त्यांची नावं लिहायची. तिने माझं आणि भाच्याचं लिहिलंय. शिवाय २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली साध्या कागदावर सही करून कोणालाही आपला प्रतिनिधी नेमता येतं, नातेवाईकच हवा असं नाही. स्मरणशक्तीचा गंभीर आजारही त्या कायद्याच्या व्याख्येत येतो, म्हणून आमच्या वयाला हा कागद फार महत्त्वाचा वाटतो मला.

वृद्धाश्रमही दोन बघून आलो, शहराबाहेरचे. दोन बायकांना एक खोली द्यायला काही अडचण नाही म्हणाले, मात्र दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच, पालक म्हणून सही कोणाची? आणि परत येताना ती रिक्षात म्हणाली, तिथे गेल्यावर पुन्हा बहिणी व्हायचं का गं? मला नाही जमणार. फॉर्म तसेच कपाटात पडलेत. ट्रान्स लोकांचं तर याहून अवघड, तिथे पुरुषांची खोली आणि बायकांची खोली एवढंच असतं, हिजडा समाजात चेले गुरूचं करतात हे खरं, पण चेल्यांचीच मिळकत बंद झाली तर गुरूच्या औषधांचं काय.

तुम्हाला वेळ आहे. मुंबईत हमसफर ट्रस्टसारख्या आपल्या लोकांसाठीच्या संस्था कित्येक वर्षं काम करतायत, तिथे जात जा, आपल्या वयाचे आणि मोठेही मित्र करा. घरातल्या एका तरी पुढच्या पिढीच्या माणसाला खरं सांगा. भाच्याला आम्ही तो २२ चा असताना सांगितलं होतं, तेव्हा सांगितलं नसतं तर त्या रात्री लिफ्टपाशी तो तसा वागला असता का माहीत नाही.

आता तिचा वॉकर सुटलाय, काठी घेऊन खालच्या बाकापर्यंत जाते. गेल्या दिवाळीत शेजारच्या वहिनींना तीच म्हणाली, ही माझी बहीण नाही हो, आम्ही दोघी जोडीदार आहोत. वहिनी दोन दिवस गप्प होत्या, तिसऱ्या दिवशी चकल्या घेऊन आल्या.

तुमच्या आईला बोलावंसं वाटलं तर मला मेसेज करा, मी फोनवर बोलेन त्यांच्याशी. आम्ही साधारण एकाच वयाच्या असू.