बुद्धिबळात एच७च्या घरात उंटाचा बळी दिला, समोरच्याचा राजा उघडा पडला, तरी मात का झाली नाही?

कारण तुमच्या वजिराने एच५ वरून आधी एफ७चं प्यादं मारायला हवं होतं, तुम्ही थेट एच७ वर शह दिलात. तुमच्या डावात समोरच्याचा राजा जी८, हत्ती ई८, वजीर डी८, घोडा डी७. तुमचं प्यादं ई५ वर आणि जी५च्या घोड्याला सी१च्या उंटाचा जोर. एच७, मग एच८ अशा शहांनी राजा ई७ वर येतो. तिथे तुम्ही जी७ मारलंत, पण एफ७चं प्यादं मध्ये आडवं असल्याने शह बसलाच नाही आणि समोरच्याला हत्ती एफ८ला आणायला चाल मिळाली. बरोबर क्रम असा:

वजीर एफ७ मारून शह, राजा एच८. वजीर एच५ शह, राजा जी८. वजीर एच७ शह, राजा एफ८. वजीर एच८ शह, राजा ई७. वजीर जी७ मारून मात.

एच५ला परत जाणारा शह मुलांना मागे घेतल्यासारखा वाटतो म्हणून सुचत नाही. इथे इंदूरला रामबागेत मी रविवारी मुलांना शिकवतो, दर महिन्याला कुणीतरी नेमका हाच डाव घालवतं. नवल नाही, हा बळी १७व्या शतकात इटलीच्या ग्रेको या बुद्धिबळपटूपासून चालत आलाय आणि तेव्हापासून लोक त्यात चुकतायत. मात्र उंट दिल्यावर जी५च्या घोड्याने दिलेल्या शहावर राजा जी८ऐवजी जी६ला आला तर हा क्रम लागू नाही. उंट देण्याआधी तेवढं मोजाच.